गाडी फाट्यापुढे जाईपर्यंत

माग्डेबुर्ग, जर्मनी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. समीक्षा हिस,
साईराजचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल, काकी दोन घास खात असतील आणि तुझी साजगावच्या कंपनीतली ड्युटी परत सुरू झाली असेल, असं धरून लिहितोय. मी इथे ठीक आहे. थंडी आहे, पण आईने दिलेला स्वेटर अजून पुरतो. शारिकही इथे बरोबरच आहे, तुला सलाम सांगतो.

वर 'आशीर्वाद' लिहिलाय तो मोठा भाऊ म्हणून, सवयीने. पत्र वाचून झाल्यावर नको वाटला तर खोडून टाक.

काकांना जाऊन आज सोळा दिवस झाले. दहाव्याला नदीवर तू सगळ्या भाऊकीसमोर माझी बाजू घेतलीस. त्या दिवशी तू पाठवलेला आवाजातला मेसेज मी ऐकला, बऱ्याचदा ऐकला. त्याचं उत्तर द्यायचं आहे आणि आठवडा झाला तरी देता येत नाही. फोनवर बोलायला लागलो की माझ्या घशातून कुणीतरी गुणी मुलगा बोलायला लागतो, मला तो आवरत नाही. म्हणून कागद घेतला. आपल्या गावच्या पत्त्यावर पाठवलं तर आधी बाबा फोडतील, तेव्हा लोधिवलीला शारिकच्या घरी, अनमच्या नावाने पाठवतोय. ती तुला कंपनीत आणून देईल. कुणाला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मेसेजच्या शेवटी तू विचारलंस, दादा, प्रवास कसा झाला ते कुणी तुला विचारलंच नाय. प्रवास घाणेरडा झाला.

इथलं सगळं स्वच्छ आहे आणि तेच मला सोसत नाही. रस्ते धुतल्यासारखे. कचऱ्याचे चार डबे, चार रंगांचे, आणि चुकीच्या डब्यात टाकलं तर खालच्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून बोट दाखवते. आतून मात्र बघ. सहा जणांत एक स्वयंपाकघर. सिंकच्या जाळीत कुणाच्या तरी शेवया आठवडाभर फुगून बसलेल्या. फ्रीज उघडला की कुणाच्या तरी चीजचा असा वास येतो की पायमोजे बरे. परवा शारिकने सुकट भाजली तर धुराचा अलार्म झाला आणि सगळा मजला खाली अंगणात जाऊन उभा राहिला, थंडीत, कुडकुडत. एक मुलगी नाक धरून आमच्याकडे बघत होती. शारिकला हसू येत होतं. मला तिचा राग यायला हवा होता, पण मी तिच्याच बाजूने होतो. मलाही सगळ्याचीच किळस येते. पाण्याच्या चवीची, उशीच्या वासाची, माझ्या हाताच्या बोटांचीसुद्धा.

तर प्रवास. फाट्यापासून सांगतो.

फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता, तू पाहिलाच असशील, भाऊकीतल्या आपल्या गजाने त्याच्याच दुकानात छापला. मी गॉगल घालून, मागे कुठला तरी बर्फाचा डोंगर आणि वर विमान. 'आपल्या मातीची शान, इंजि. साईराज कोंडाजी, उच्च शिक्षणासाठी परदेशी प्रस्थान.' खाली शुभेच्छुकांची वीस मुंडकी ओळीने. त्यातल्या अर्ध्यांनी मला कधी ओळख दिली नव्हती. गाडी कर्जत स्टेशनच्या नागूची. हा नागू किती बोलतो ते तुला माहीत आहे. त्या दिवशी फाटा ओलांडल्यावर त्याने गाणी बंद केली आणि लोधिवलीपर्यंत एक शब्द बोलला नाही. बाबा ऐन वेळी पाठीत उसण भरली म्हणून घरीच राहिले होते, आणि एअरपोर्टला येणाऱ्या पोरांच्या टेंपोचा टायर बसला होता. त्यामुळे मागच्या सीटवर एकटा मी आणि दोन बॅगा.

लोधिवलीला शारिकला घेतलं. त्याच्या आईने, नफिसाचाचींनी, त्याच्या दंडाला हिरव्या कपड्यात नाणं बांधलं होतं. त्यांच्यात प्रवासाला निघालेल्याला बांधतात आणि सुखरूप पोचला की ते कुणा गरजूला द्यायचं असतं. नफिसाचाची रडत होत्या, मोठ्याने, नाक पुसत, कसलीही लाज न बाळगता. मला त्यांचा हेवा वाटला. अनम गाडीच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "समीक्षा नाय आली सोडायला?"

मी म्हणालो, "काकांना जरा बरं नाय. ती त्यांच्यापाशी थांबलीय."

हे वाक्य लक्षात ठेव. पुढे लागेल.

एअरपोर्टवर तपासणीवाल्याने शारिकच्या दंडाला हात लावून विचारलं, "ये क्या बांधा है?" शारिक म्हणाला, "अम्मीने बांधा है, सिक्का है." त्याने बोटाने चाचपून सोडून दिलं. माझ्या बॅगेतला शिऱ्याचा डबा मात्र उघडायला लावला. आईच्या लग्नातला डबा, झाकणावर बाबांचं नाव कोरलेलं. शिरा थंड होऊन वडीसारखा झाला होता आणि वर तुपाचा पांढरा थर धरला होता. तपासणीवाल्याने वास घेतला आणि झाकण लावलं. विमानात बसून तासभर झाला नसेल, सकाळी खाल्लेला सगळा शिरा मी पिशवीत ओकलो. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावून तोंड फिरवलं. हवाईसुंदरी ती गरम पिशवी हसत हसत घेऊन गेली. केळं घातलेल्या शिऱ्याचा वास उलटीतसुद्धा तसाच येतो.

संध्याकाळी दोहाला उतरलो, तिथे पुढचं विमान सकाळचं होतं. फोन चालू केला. गजाचं स्टेटस दिसलं. फाट्यावरचा तोच बांबूचा सांगाडा, आणि त्यावर काकांचा फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गजाने दुसरा सांगाडा बांधायचेही कष्ट घेतले नव्हते, माझ्याच फ्लेक्सवर काकांचा चढवला होता. कडेने माझ्या गॉगलचा कोपरा दिसत होता. मी उठलो आणि तो डबा, बाबांच्या नावासकट, कचऱ्याच्या पेटीत टाकला.

आता तू थांबली असशील. दादाला तर मंगळवारी कळलं. आईने आणि तू मिळून सांगितलंत. शुक्रवारी त्याने स्टेटस कसं पाहिलं?

स्टेटस कुणी कुणी पाहिलं त्याची यादी लावणाऱ्याला दिसते. गजाच्या यादीत माझं नाव आहे. तो आज ना उद्या बोलेल ही भीती मला आहे, आणि हे पत्र लिहिण्यात तिचाही वाटा आहे. चांगुलपणाने लिहितोय असं समजू नकोस.

पण स्टेटस पाहून मला कळलं असंही नाही. मी फाट्यापासून सुरुवात केली, कारण फाट्याच्या आधी तुमचं घर लागतं.

त्या शुक्रवारी सकाळी पाच-सव्वापाचला मी मागच्या दाराने बाहेर गेलो. परत येताना पडवीत बाबा, आई आणि गजा दबक्या आवाजात बोलत होते. मी कुडाच्या मागे उभा राहिलो.

बाबा म्हणत होते, "कुणी रडायचं नाय. गाडी फाट्याच्या पुढं जाऊ दे, मंग काय रडायचं ते रडा. जयवंतीला सांग, तोंडात पदर कोंब म्हणावं."

गजाने विचारलं, "अन् अग्नी?"

"अग्नी द्यायला साई थांबला तर दहा दिस सुतकात अडकला. सोमवारी त्याला तिथं हजर व्हायचं हाय. पोराचं वरीस जाईल." मग आईला म्हणाले, "तू शिरा टाक."

आई म्हणाली, "घट बसल्यात घरात. सुतकात गोड करून त्याला ओवाळू?"

"सुतक गाडी गेल्यावर लागंल."

असं म्हणाले बाबा. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ तासाभरापूर्वी गेला होता आणि त्यांनी सुतकाला वेळ नेमून दिली.

मी काय केलं असेल? काकांना मुलगा नाही. अग्नी साईराज देईल, असं ते धडधाकट होते तेव्हापासून सांगत आले, टमटममधल्या पॅसेंजरलासुद्धा. दहा वर्षं त्यांनी मला त्या टमटममध्ये स्वतःशेजारी बसवून कर्जतला नेलं, त्या जागेवर कधी सवारी घेतली नाही. इंजिन उघडून बसायला मला त्यांनी शिकवलं, म्हणून मी इंजिनिअर. मी धावत तुमच्याकडे यायला हवं होतं. मी आत गेलो, चादर डोक्यावरून घेतली आणि आईने उठवायची वाट बघत पडून राहिलो. सहाला ती आली. "उठ रं साई." मी डोळे चोळले, आळस दिला, चांगला लांबलचक.

मग माणसं जमली. चाळीसेक तरी असतील. प्रत्येकाला माहीत होतं, समीक्षा. एकेकाने पुढे येऊन कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, "नाव काढ" म्हणून हसले. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यांना वाटत होतं मला माहीत नाही. गोमा म्हाताऱ्याने कुंकवाचं बोट कपाळाला टेकवलं. "काका झोपलाय तुजा," तो म्हणाला, "उठवू नको त्याला. काल भेटलास ना, झालं."

मी म्हणालो, "हो, नको उठवायला."

इतक्या पटकन म्हणालो की म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आईने वाटीभर शिरा पुढे धरला. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी खाल्ला. तिने आणखी वाढला, तोही खाल्ला, बोटं चाटली. काकांना अजून जमिनीवर घेतलं असेल-नसेल आणि मी दोनशे पावलांवर बोटं चाटत होतो.

गाडी उताराला लागली आणि नागूने गाण्यांचा आवाज एकदम वाढवला. बाबांनी सांगून ठेवलं असणार. तुमचं दार बंद होतं. तू कुंपणाशी उभी होतीस, पिवळ्या ड्रेसमध्ये, आणि हसत होतीस. हात वर केलास. मीही केला. मग काच वर घेतली, कारण दारामागून काकींचा आवाज येईल असं मला वाटलं. आला असता तर मला थांबावं लागलं असतं. लोधिवलीला अनमला जे सांगितलं ते हे सगळं माहीत असून.

घरच्यांच्या वागण्याची मला त्या दिवशी शिसारी आली. अजूनही येते. गेलेल्याच्या बायकोच्या तोंडात पदर कोंबायचा, लेकीला कुंपणाशी हसत उभं करायचं, आणि हे सगळं कशासाठी तर पोराच्या फ्लेक्ससाठी. विमानात, दोहाला, इथे आल्यावर चार दिवस मी मनातल्या मनात बाबांना शिव्या घालत होतो. शिव्या घालायला बरं वाटतं. पण मग सोमवारची ती तारीख आठवते.

सोमवार, २९ तारखेला हजर व्हायचंच, हे बाबांना कुणी सांगितलं? मी. इथली नावनोंदणी १५ ऑक्टोबरपर्यंत चालू आहे. २९ ला नुसती ओळखपाळख होती, तिला निम्मी पोरं आली नव्हती. मला घरातून लवकर निघायचं होतं म्हणून मी शेवटची तारीख २९ सांगितली. बाबांना इंग्रजी मेल वाचता येत नाही. त्यांनी भावाचं मरण लपवलं ते माझ्या थापेवर विश्वास ठेवून. खरी तारीख माहीत असती तर दहावं करून, डोकं काढून, मी दहा-अकरा दिवसांत निघालो असतो आणि कुणाला तोंडात पदर कोंबावा लागला नसता.

शारिकला खरी तारीख माहीत होती. मुंबईला विमानात चढायच्या आधी बाकड्यावर बसलो असताना मी त्याला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. त्याने आधी डोळे मिटून काकांसाठी दोन शब्द पुटपुटले. त्या दिवशी माझ्यासमोर काकांसाठी तेवढंच झालं. मग म्हणाला, "अरे मग परत जा ना. पंधरा तारखेपर्यंत मुदत हाय. मी तिकडं हापिसात सांगतो, घरात मयत हाय म्हणून."

"सामान चढलंय."

"सामान उतरवतात."

मी बोर्डिंग पास चाळत बसलो. तो उठला. "तुला परत जायचं नाय, असं सांग ना सरळ," म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. तेव्हापासून तो माझ्याशी चांगला वागतो, पण जपून वागतो. हे पत्र लिहायचंही त्यानेच सुचवलं. "फोन नको," म्हणाला, "तुझा फोनवरचा आवाज मी ऐकलाय."

मंगळवारच्या त्या व्हिडिओ कॉलबद्दल म्हणत होता तो. खोलीत तोही होता. आई म्हणाली, "साई, मन घट्ट कर," आणि मी फोन हातातून पाडला. मुद्दाम पाडला. गादीवर पाडला, फुटू नये म्हणून. मग "कधी? कसं?" असं सगळं विचारलं. तू आईच्या हातातून फोन घेतलास, तुझा चेहरा सुकलेला, ओठ फुटलेले, आणि तू मला समजावत होतीस. "दादा, तू रडू नको. तिथं तुला कोण हाय?" अग्नी तू दिलास हे तू सांगितलंस. गजा पुढे झाला होता, भाऊकी कुरकुरत होती, आणि तू मडकं खांद्यावर घेऊन म्हणालीस, दादाच्या जागी मी. हे ऐकून मी आणखी मोठ्याने रडलो. शारिक उठून बाहेर गेला.

दहाव्याला मी डोकं काढलं. मशीन शारिकने फिरवली, फोटो काढायला तो नाही म्हणाला, तेव्हा मीच काढला आणि पाठवला. गजाने ग्रुपवर टाकला, 'सातासमुद्रापार राहूनही संस्कार न विसरलेला आमचा भाऊ'. खाली साठ-सत्तर हात जोडलेले. मी ते एकेक करून पाहिले. मला बरं वाटत होतं, हे पण लिहून ठेवतो.

आणि त्याच दुपारी तुझा मेसेज आला.

कावळा दोन तास शिवत नव्हता, असं तू सांगितलंस. बाबा म्हणाले, समीक्षाचं लग्न मी करून देईन, तरी नाही. काकी म्हणाल्या, तुमच्या गाईला विकणार नाय, तरी नाही. मग तू पुढे झालीस. तुझे शब्द मला पाठ आहेत. "मी म्हटलं, आप्पा, साईदादावर राग धरू नका. त्याला म्हाईत नव्हतं. म्हाईत असतं तर तो गेलाच नसता. आदल्या दिशी तुमाला भेटला तवा मोरीवर तोंड धुवून धुवून रडत होता, मी बघितलंय, टॉवेल मीच दिला त्याला. असं म्हटलं अन् कावळा शिवला, दादा. आप्पांना तुझंच लागून राहिलं होतं."

समीक्षा, मी रडत नव्हतो.

गुरुवारी संध्याकाळी मी काकांच्या पाया पडायला आलो. तू चहा टाकायला आत होतीस. काकांचा डावा हात तेवढा चालत होता. त्यांनी त्या हाताने माझी मान धरली, ओढली आणि गालाला गाल लावला. त्यांच्या तोंडातून लाळ येत होती, तिला औषधाचा वास होता, आणि खालून चादरीचा वास. माझा अर्धा चेहरा ओला झाला. ते काहीतरी सांगत होते, त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो हे मला माहीत होतं, आणि मी थांबलो नाही. हात सोडवला आणि बाहेर मोरीवर आलो. तिथे कपड्याचा साबण होता. तो मी तीन वेळा तोंडाला लावला. चौथ्यांदा लावत होतो तेव्हा तू मागे येऊन उभी राहिलीस. "रडू नको रं दादा," म्हणालीस, "आप्पांना लई बरं वाटलं तू आलास." आणि टॉवेल दिलास. मी त्यात तोंड खुपसून उभा राहिलो, कारण रडणारा माणूस तसा उभा राहतो.

मला काकांची किळस यायची. अर्धांगवायू होऊन ते आठ महिने खाटेवर होते, आणि आठ महिने मी उंबऱ्यावरून "काका, बरं हाय ना?" विचारून परत फिरत होतो. तू त्यांना पुसायचीस, कूस बदलायचीस, पाठीच्या जखमेत पावडर भरायचीस आणि तिथून कंपनीत जायचीस. तुझ्याशी बोलतानाही मी एक पाऊल मागे उभा राहायचो, तुझ्या कपड्यांना तो वास असेल म्हणून. तारीख अलीकडची सांगितली ती याच्यासाठी. आणि त्या सकाळी कुडामागे 'हिरामण गेला' हे कानावर पडलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता त्यांना आंघोळ घालायला लागेल. हात लावायला लागेल. आणि बाबांचं पुढचं ऐकल्यावर मला हायसं वाटलं. मी सुटलो, असं वाटलं. चादरीखाली पडून मी देवाचे आभार मानले.

कावळ्याचं मला काही कळत नाही. भूक लागली म्हणून शिवला असेल. पण तू जे बोललीस ते आप्पांना बोललीस, आणि तू त्यांच्याशी जन्मात खोटं बोलली नव्हतीस. आजारपणातसुद्धा नाही. गावातले सगळे त्यांना 'बरे व्हाल' म्हणायचे, तू म्हणायची नाहीस. ते एक खोटं तुझ्या तोंडी माझ्यामुळे आलं, तेही त्यांच्या पिंडासमोर. माझं काय व्हायचं ते होवो, पण ते तुझ्यावर राहू नये.

आधी मी इथे लिहिलं होतं की नदीवर जा आणि आप्पांना खरं सांग. मग ते पान फाडलं. म्हणजे हेही काम तुझ्याच गळ्यात. ते मी करेन. हे पत्र मिळालं की अनमकडून नुसतं 'मिळालं' एवढं कळव. त्याच्यानंतर मी बाबांना फोन करेन, काकींना शेजारी बसवायला सांगेन आणि पहिल्यापासून सांगेन. तारखेपासून. गजाने ग्रुपवरून तो टकलाचा फोटो काढला तर काढू दे. वर्षश्राद्धाला यायचं की नाही ते तू आणि काकी सांगाल तसं. नको म्हणालात तर येणार नाही आणि त्यावरून घरात कुणाला बोलू देणार नाही.

काकींना नमस्कार लिहिणार होतो. आत्ता नको. आधी त्यांना कळू दे कोण करतोय.

'तुझा दादा' असंही लिहीत नाही.

ज्याला माहीत होतं, तो
साईराज